चिली : तिकीट ३० पेसोंनी महागले म्हणून पेटलेल्या देशाने नवी राज्यघटना का नाकारली?

गोदातीर (प्रश्न)

नमस्कार. गेले काही महिने दक्षिण अमेरिकेतील देशांविषयी जमेल तसे वाचन करीत आहे आणि चिलीपाशी येऊन अडखळलो आहे. १९९० मध्ये जनरल पिनोचे यांची लष्करी राजवट संपली, तेव्हा तिथे दर १० माणसांमागे साधारण ४ माणसे गरिबीत होती. २०१७ च्या सरकारी पाहणीत हे प्रमाण १० टक्क्यांच्याही खाली आले होते. २०१० मध्ये हा देश ओईसीडी या श्रीमंत राष्ट्रांच्या संघटनेचा सदस्य झाला. ऑक्टोबर २०१९ च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष सेबास्तियान पिन्येरा यांनी अशांत लॅटिन अमेरिकेतील मरूद्यान असे आपल्या देशाचे वर्णन केले, आणि दोन आठवडे उलटण्याच्या आत, १८ ऑक्टोबरच्या रात्री, राजधानी सांतियागोतील मेट्रोची स्थानके जळत होती. निमित्त होते गर्दीच्या वेळचे तिकीट ८०० वरून ८३० पेसो झाल्याचे. आंदोलन आवरण्यासाठी लष्कर रस्त्यावर उतरले, तेही १९९० नंतर प्रथमच, आणि डिसेंबरमध्ये तिथे भरणारी जागतिक हवामान परिषद माद्रिदला हलवावी लागली.

गरिबी घटत असताना, हाती चार पैसे येत असताना हा भडका का उडाला, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न त्याहून अवघड वाटतो. पिनोचे यांच्या काळातील १९८० ची राज्यघटना बदलावी की नाही, यावर ऑक्टोबर २०२० मध्ये सार्वमत झाले आणि ७८ टक्के मते बदलाच्या बाजूने पडली. मग ४ सप्टेंबर २०२२ रोजी त्याच जनतेने नव्या घटनेचा मसुदा ६२ टक्के मतांनी फेटाळला कसा? लोकांची दिशाभूल झाली असे काही जण लिहितात, तर लोकांना मुळात बदल नकोच होता असे दुसरे म्हणतात. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. जाणकारांनी कृपया लिहावे.

पायवाट

कामानिमित्त २०१७ ते २०२० अशी तीन वर्षे मी सांतियागोत राहिलो, म्हणून पहिल्या प्रश्नाविषयी जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगतो.

हे शहर पूर्वेकडे अँडीज पर्वताच्या दिशेने चढत जाते, आणि जसजसे वर जावे तसतशी झाडे वाढतात, पदपथ रुंद होतात आणि माणसांची आडनावेसुद्धा बदलतात. व्हिताकुरा, लास कोंदेस आणि लो बार्नेचेआ या तीन नगरपालिकांच्या भागाला तिकडे ‘बार्रिओ आल्तो’, म्हणजे वरची वस्ती, असेच म्हणतात. आमचे कार्यालय लास कोंदेसमध्ये होते. तिथे सफाईला येणाऱ्या बाई (मी त्यांना मनातल्या मनात मावशीच म्हणत असे) शहराच्या पार दक्षिण टोकाला, पुएन्ते आल्तोत राहत. पहाटे साडेपाचला घर सोडायचे, बसने स्थानक गाठायचे, मेट्रोच्या चौथ्या मार्गाने तोबालाबाला यायचे आणि तिथून गाडी बदलून कामावर पोहोचायचे, असा त्यांचा रोजचा प्रवास होता. दोन्ही वेळचा मिळून तीन तासांहून अधिक काळ जाई. भाडेवाढीवर ओरड सुरू झाली तेव्हा अर्थव्यवहार खात्याच्या मंत्र्यांनी सुचवले की जो लवकर उठेल त्याला सकाळी सातपूर्वीच्या स्वस्त तिकिटाचा लाभ घेता येईल. हे वाक्य मावशींना माझ्याआधी ठाऊक होते. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त हातातले फडके बादलीत पिळताना त्यांनी आपण किती वाजता उठतो ते मला सांगितले.

३० पेसो म्हणजे आपले जेमतेम ३ रुपये, म्हणून ती रक्कम क्षुल्लक वाटते. पण हिशेब करून पाहावा. २०१९ मध्ये तिथले किमान वेतन महिना ३,०१,००० पेसो होते. गर्दीच्या वेळी जाऊन गर्दीच्याच वेळी परतणाऱ्या कामगाराला महिन्याच्या २५ दिवसांचे मेट्रोचे भाडे ४१,५०० पेसो पडे. पगाराचा सातवा हिस्सा नुसता कामावर जाण्यायेण्यात संपत होता. ‘हे ३० पेसोंचे नाही, ३० वर्षांचे आहे’ ही घोषणा दुसऱ्याच दिवशी भिंतीभिंतींवर दिसू लागली आणि तिचा अर्थ कुणालाही समजावून सांगावा लागला नाही.

एक गोष्ट मात्र मुद्दाम नोंदवतो. संचारबंदी लागली त्या रात्री आमच्या इमारतीच्या सज्जांमधून पातेल्यांवर पळी आपटल्याचा आवाज सुरू झाला आणि बघता बघता अख्खी गल्ली वाजू लागली. शेजारच्या आजींनी सांगितले की डिसेंबर १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांच्या समाजवादी सरकारविरुद्ध रिकामी पातेली वाजवत निघाल्या होत्या त्या मुख्यतः खात्यापित्या घरच्या बायका. १९८३ मध्ये हीच पातेली पिनोचेविरुद्ध वाजली, ती गरीब वस्त्यांतही. म्हणजे भांडे तेच राहिले, वाजवणारे हात बदलत गेले. आणि २०१९ मध्ये तर मध्यमवर्ग आणि गरीब यांनी ते एकत्र वाजवले. २५ ऑक्टोबरला बाकेदानो चौकात १० लाखांहून अधिक माणसे जमली, त्यात मीही कडेला उभा होतो. तिथे एकाही पक्षाचा झेंडा मला दिसला नाही. तेव्हा ते आंदोलनाचे बळ वाटले. पुढे काय झाले ते पाहता, दुबळेपणाची मुळेही तिथेच होती असे मला वाटते.

कृष्णाकाठ

पायवाट यांनी सांगितलेला हिशेब महत्त्वाचा आहे, पण नुसत्या विषमतेने देश पेटत नाही. तसे असते तर चिली १९९० मध्येच पेटायला हवा होता, कारण तेव्हा विषमता आजच्याहून अधिक होती. प्रश्न असा विचारायला हवा की माणसाला ही विषमता रोजच्या जगण्यात कुठे कुठे भेटते, आणि भेटल्यावर दाद मागायला त्याने जायचे कुठे.

निवृत्तिवेतनाचे उदाहरण घ्या. १९८१ पासून तिथे प्रत्येक कामगाराच्या पगारातून १० टक्के रक्कम कापून ती खासगी कंपन्यांनी चालवलेल्या त्याच्या वैयक्तिक खात्यात जमा होऊ लागली. मालकाने त्यात काही भर घालण्याचे बंधन नव्हते. ही योजना आखणारे मंत्री होसे पिन्येरा हे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या सेबास्तियान पिन्येरा यांचे थोरले बंधू. ज्या लष्करी राजवटीने ही योजना देशाला लागू केली, तिने सैन्याला मात्र तीतून वगळले. सैनिकांचे निवृत्तिवेतन जुन्या पद्धतीनेच चालू राहिले. ज्यांच्या नोकरीत खंड पडले, ज्या बायकांची वर्षे घरच्यांचे करण्यात गेली, त्यांच्या खात्यात साचणार तरी काय? पहिली पिढी निवृत्त होऊ लागली तेव्हा बहुतेकांच्या हाती किमान वेतनाहूनही कमी रक्कम पडू लागली. शाळांचे तेच, दवाखान्यांचे तेच. ऐपत असणाऱ्यांची वेगळी व्यवस्था, उरलेल्यांची वेगळी, आणि मधल्यांनी कर्ज काढून पहिल्या व्यवस्थेच्या दारात उभे राहायचे.

पाण्याची कथा तर याहून बोलकी आहे. १९८१ च्या जलसंहितेने पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा केला आणि तो विकता, भाड्याने देता, गहाण ठेवता येईल अशी मालमत्ता बनवला. पेतोर्का हे सांतियागोच्या उत्तरेकडचे खोरे. तिथे डोंगरउतारांवर निर्यातीसाठी अॅव्होकॅडोच्या बागा उभ्या राहिल्या. २०१० पासून सलग दुष्काळ पडत गेला, नदीचे पात्र कोरडे पडले, आणि वर हिरव्यागार बागा दिसत असताना खालच्या वाड्यांना माणशी दिवसाला ५० लिटर पाणी टँकरने येऊ लागले. टँकरची वाट पाहणे म्हणजे काय असते हे आपल्याकडच्या वाचकांना मी सांगायला नको. पण कायद्याच्या दृष्टीने त्यातले बरेचसे पाणी चोरीचे नव्हते, रीतसर ज्याच्या नावावर होते तोच ते वापरत होता, ही गोष्ट माणसाला आतून जाळते.

आता दाद मागण्याविषयी. २०१५ पर्यंत तिथे द्विसदस्य मतदारसंघांची अशी पद्धत होती की दुसऱ्या क्रमांकाच्या आघाडीला एक तृतीयांशाच्या आसपास मते मिळाली तरी दोनपैकी एक जागा तिच्या पदरात पडे. शिवाय कळीचे कायदे बदलायला साधे बहुमत पुरत नसे. त्यामुळे डावीकडचे सरकार निवडून आले तरी मूळ चौकटीला हात लागत नव्हता. २००६ मध्ये शाळकरी मुले रस्त्यावर आली, २०११ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थी आले, थोड्या सवलती मिळाल्या आणि चौकट तशीच राहिली. २०१२ पासून मतदान ऐच्छिक झाले आणि जवळजवळ निम्म्या लोकांनी मतदान केंद्राकडे पाठ फिरवली. बाहेरून देश स्थिर दिसत होता, कारण ज्यांना तक्रार होती ते आकडेवारीतून हळूहळू गळत चालले होते. मी याला स्थैर्य म्हणणार नाही.

शेवंती

वरचे दोन्ही प्रतिसाद पटले, पण त्यात एक गोष्ट राहून गेली आहे आणि ती राहू नये असे वाटते. त्या काही महिन्यांत ३० हून अधिक माणसे दगावली आणि पोलिसांच्या छऱ्यांनी व अश्रुधुराच्या नळकांड्यांनी ४०० हून अधिक जणांच्या डोळ्यांना इजा झाली. फाबिओला काम्पिय्याई या कामगार महिला निदर्शनांत नव्हत्याच. त्या रात्रपाळीला निघाल्या होत्या; नळकांडे थेट चेहऱ्यावर आदळले आणि दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. २०२१ मध्ये त्या कोणत्याही पक्षाच्या आधाराविना सेनेटवर निवडून आल्या, त्याही देशातील सर्वाधिक मते मिळवून. ‘आपण एका बलाढ्य शत्रूशी युद्ध करीत आहोत’ असे पिन्येरा यांनी दूरचित्रवाणीवरून सांगितले होते. आपल्याच देशातील माणूस शत्रू वाटू लागतो, ही वर्गभेदाची मला दिसणारी सर्वांत भयंकर बाजू आहे.

त्याच वेळी हेही मान्य करायला हवे की १३६ पैकी ११८ स्थानकांची मोडतोड झाली, आणि मेट्रो बंद पडल्यावर हाल झाले ते पायवाट यांच्या मावशींसारख्यांचे. वरच्या वस्तीत प्रत्येकाच्या दारात मोटार होती.

मध्यान्ह

गोदातीर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नातील ‘त्याच जनतेने’ हे दोन शब्द तपासून पाहावेत अशी माझी विनंती आहे, कारण सगळी गाठ तिथे बसली आहे.

२०२० चे सार्वमत ऐच्छिक होते आणि त्यात सुमारे ७५ लाख लोकांनी मत दिले. २०२२ चे सार्वमत सक्तीचे होते आणि त्यात सुमारे १ कोटी ३० लाख लोक आले. बदलाच्या बाजूची मते ५९ लाखांच्या आसपास होती, ती ४९ लाखांवर आली. विरोधातील मते मात्र १६ लाखांवरून ७९ लाखांच्या घरात गेली. काही लाख लोकांनी मन बदलले, हे खरेच. पण निकाल फिरवला तो मुख्यतः कृष्णाकाठ म्हणतात त्या गळालेल्या माणसांनी. ही माणसे ना २०२० मध्ये आली होती, ना मे २०२१ मध्ये घटना समितीच्या निवडणुकीत; तेव्हाही निम्म्याहून कमी मतदान झाले होते. त्या समितीत उजव्या आघाडीला १५५ पैकी फक्त ३७ जागा मिळाल्या आणि डावीकडच्यांना वाटले की देश आपल्या बाजूला आला आहे. देशाचा मोठा भाग अजून बोललाच नव्हता.

२०२० चा नकाशा पाहिला तर सांतियागोत बदलाला नकार देणाऱ्या नगरपालिका तीनच होत्या, आणि त्या पायवाट यांनी नावे दिलेल्या वरच्या वस्तीच्याच. वर्गांची रेघ इतकी स्वच्छ क्वचितच दिसते. २०२२ मध्ये ती रेघ पुसली गेली. देशाच्या सर्व १६ प्रदेशांत नकार जिंकला. पेतोर्कातही जिंकला, जिथे पाणी हा माणसाचा हक्क ठरवणारा मसुदा सर्वांत हवासा वाटायला हवा होता. आणि आराउकानियात, जिथे मापुचे या मूळ निवासी समाजाची वस्ती मोठी आहे, तिथे नकाराची मते ७० टक्क्यांच्या पुढे गेली.

मसुद्यात मोलाचे बरेच होते. स्त्री-पुरुषांची समान संख्या आणि मूळ निवासींसाठी १७ राखीव जागा असलेली ती समिती होती, तिच्या पहिल्या अध्यक्षा एलिसा लोन्कोन या स्वतः मापुचे. परंतु ३८८ कलमांच्या त्या मसुद्यात मजुराला आपले घर आणि आपले खाते कुठे आहे, हे पटकन सापडत नव्हते. चिलीत सरकारी अनुदानावर घेतलेले दोन खोल्यांचे घर ही लक्षावधी कुटुंबांची आयुष्यभराची कमाई आहे. ते घर आता सरकारचे होणार, अशी अफवा पसरली; ती खोटी होती, पण ती रुजली कारण माती तयार होती. निवृत्तिवेतनाचेही तसेच. महामारीच्या काळात, जुलै २०२० पासून, संसदेने लोकांना आपल्या खात्यातील १० टक्के रक्कम तीनदा काढू दिली होती. ज्या योजनेला चाळीस वर्षे शिव्या दिल्या, तिच्यातील पैसा पहिल्यांदा हातात आला आणि तो आपला आहे हे मनात पक्के बसले. ‘माझ्या पैशाला हात लावू नका’ ही घोषणा त्यातूनच जन्मली. बाजाराच्या व्यवस्थेने गरिबाला लुबाडले हे खरे, पण त्याच व्यवस्थेने त्याला एका लहानशा मालमत्तेचा धनीही केले होते, आणि सुधारणा करायला निघालेल्यांना ही दुसरी बाजू कळली नाही. त्यांनी गरिबाला अन्याय झालेला माणूस म्हणून पाहिले. गमावण्याजोगे काही जवळ असलेला माणूस म्हणून पाहिले नाही.

विश्वासाचाही प्रश्न होता. कर्करोगाशी झुंजणारा रुग्ण म्हणून आंदोलनाचा चेहरा बनलेला आणि त्या बळावर समितीत निवडून आलेला एक सदस्य खोटे बोलत होता, असे सप्टेंबर २०२१ मध्ये उघड झाले. उपचाराच्या खर्चाने घर धुऊन निघालेल्या कुटुंबांना त्या बातमीने काय वाटले असेल?

पुढची हकिकत थोडक्यात अशी, की लोक उजवीकडे वळले असे समजून दुसरा मसुदा उजव्या बहुमताच्या मंडळाने तयार केला आणि १७ डिसेंबर २०२३ रोजी लोकांनी तोही सुमारे ५६ टक्के मतांनी परत पाठवला. १९८० ची घटना, अनेकदा दुरुस्त होऊन का होईना, आजही लागू आहे. राष्ट्राध्यक्षपद २०१० पासून प्रत्येक निवडणुकीत विरोधकांकडे गेले : डावीकडच्या मिशेल बाचेलेट यांच्याकडून उजवीकडच्या पिन्येरा यांच्याकडे, मग पुन्हा बाचेलेट, पुन्हा पिन्येरा, मग २०२१ मध्ये विद्यार्थी चळवळीतून आलेले गाब्रिएल बोरिच आणि डिसेंबर २०२५ मध्ये कट्टर उजवे होसे आन्तोनियो कास्त. लोक डावे किंवा उजवे झाले असे मी यावरून म्हणणार नाही. ज्याच्या हाती सत्ता असेल त्याला ते दर चार वर्षांनी काढून टाकतात, कारण तेवढेच त्यांच्या हाती उरले आहे.

गोदातीर

सर्वांचे मनापासून आभार. मतांची संख्या मी टक्केवारीतच वाचत होतो. ती डोक्यांनी मोजल्यावर चित्रच पालटले. मध्यान्ह, तुमच्या मांडणीवर एकच शंका आहे. जर लोक दोन्ही मसुदे नाकारतात आणि दर वेळी सरकारही बदलतात, तर २०१९ मधून काहीच निष्पन्न झाले नाही असे म्हणायचे का? आणि पायवाट, त्या मावशींशी तुमचा अजून संपर्क आहे का? त्यांनी मत कुणाला दिले, हे विचारणे उचित नसल्यास राहू द्यावे.

कृष्णाकाठ

मध्यान्ह यांच्या आधी मीच लिहितो. काहीच झाले नाही असे म्हणता येणार नाही. २०२२ मध्ये जलसंहिता दुरुस्त झाली आणि माणसाच्या पिण्याच्या पाण्याला कायद्याने अग्रक्रम मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये संसदेने निवृत्तिवेतनाचा कायदा बदलला आणि मालकाचा वाटा टप्प्याटप्प्याने ८.५ टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरले. खासगी कंपन्या मात्र कायम राहिल्या. घोषणांच्या मानाने हे फार थोडे आहे. पण हे दोन्ही बदल त्याच जुन्या घटनेखाली, वाटाघाटींनी आणि भांडणांनी, साध्या कायद्याच्या मार्गाने झाले, ही गोष्ट मला विचार करायला लावते. तो मार्ग पहिल्या ३० वर्षांत मोकळा असता, तर स्थानके जळली नसती असे माझे ठाम मत आहे.

पायवाट

संपर्क आहे. वर्षातून एकदोनदा आवाजी संदेश येतो. मत त्यांनी आपणहूनच सांगितले होते, म्हणून इथे लिहायला संकोच वाटत नाही.

२०२० मध्ये त्या मुलीबरोबर रांगेत उभ्या राहिल्या आणि बदलाच्या बाजूने मत दिले. त्यापूर्वी बरीच वर्षे त्यांनी मतदानच केले नव्हते. २०२२ मध्ये मुलीने होकार दिला आणि त्यांनी नकार. मी कारण विचारले तेव्हा अफवेचा किंवा कुठल्या पक्षाचा उल्लेख त्यांनी केला नाही. मसुद्याची फुकट वाटलेली छापील प्रत त्यांनी घरी आणली होती आणि रात्री जेवणानंतर मुलीकडून काही पाने वाचून घेतली होती. वाचताना मुलगी मध्ये मध्ये थांबून अर्थ सांगायची, आणि तरीही निम्मे कळले नाही, असे त्या म्हणाल्या. घराचे कागद त्यांनी कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवले आहेत; ते कागदही त्यांना पूर्ण वाचता येत नाहीत, पण त्यांच्यावर त्यांचे नाव आहे आणि ते नाव त्यांना ओळखता येते.

त्या अजून लास कोंदेसला कामाला जातात. निघण्याची वेळ तीच आहे.